आवाज बंद करायचं बटण

आमच्या टीव्हीच्या रिमोटवर आवाज बंद करायचं एक बटण आहे. बाकीची बटणं बरी आहेत, त्यांच्यावरचे आकडे अजून वाचता येतात. हे एकच गुळगुळीत झालंय. ते मी झिजवलं.

मालिकांच्या शीर्षकगीतांबद्दल माझं मत ठाम होतं. ज्याला गोष्ट सांगायची आहे त्यानं ती सांगावी, रोज आधी दीड मिनिट गळा कशाला काढावा? तीच बासरी, तेच नात्यागोत्याचे शब्द, तेच नटीचं वळून बघणं. पहिल्या दिवशी ठीक आहे. चारशेव्या दिवशी कुणाला काय नवं कळणार आहे? म्हणून गाणं लागलं की मी बटण दाबायचो आणि संपलं की पुन्हा दाबायचो.

माझी बायको त्या वेळी स्वयंपाकघरात असायची. सिडकोतलं आमचं घर लहान, बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यात एक भिंत. तिला टीव्ही दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा, आणि तिचं सगळं काम त्या ऐकण्यावर चालायचं. साडेसातच्या मालिकेचं गाणं लागलं की ती तवा उतरवायची, हात धुवायची आणि ताटं घ्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला तोच भाग पुन्हा लागायचा, तेव्हा दुपारची ताटं. मला निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ भिंतीवर होतं, पण त्याच्याकडं ती कधी बघायची नाही. मी आवाज बंद केला की तिचं गणित चुकायचं. मग पदराला हात पुसत दारात यायची आणि विचारायची, लागलं का?

एकदा मी तिला सुनावलं, की रोज तेच तेच ऐकून कान किटत कसे नाहीत तुझे. ती दौलताबादकडच्या खेड्यातली, बोलण्यात कधी मागं राहिली नाही. म्हणाली, "तुमी बी जल्मभर तीच हजेरी घेतली की."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक. हजेरीचा टोला बरोबर बसला होता. बटण दाबणं मात्र सोडलं नाही.

मतं बाळगायची मला खोडच आहे. सकाळी फिरायला जातो त्या मैदानाच्या कडेला एक बाक आहे. तिथं आम्ही पाच-सहा पेन्शनर देशाचे प्रश्न सोडवत बसतो. बाकावर जे मत टिकलं ते मी घरी येऊन कागदावर उतरवायचो आणि पेपरात वाचकांच्या पत्रांसाठी पाठवायचो. छापून आलेल्या कात्रणांची माझी एक फाईल आहे. शीर्षकगीतांवरचं पत्र तिच्यात आहे. परदेशी माल मोकळेपणानं येऊ द्यावा, या विषयावरचंही आहे. त्यात मी वर्गाचा दाखला दिला होता. एकाच मुलाचा पहिला नंबर आधी ठरवून ठेवला तर बाकीची पोरं अभ्यास कशाला करतील, आणि तो पहिला तरी कशाला करील? ज्याच्यात दम आहे तो टिकेल, नसेल त्यानं दुसरं काही बघावं, असा त्या पत्राचा शेवट होता. बाकावर त्या दिवशी माझ्या चहाचे पैसे दुसऱ्यानं दिले.

माझा मुलगा तेव्हा शेंद्र्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला लागणारे अडॅप्टर बनवायचा. गावातल्या सात-आठ बाया तिथं तांब्याची तार गुंडाळायला यायच्या. पत्र त्यानं वाचलं असणारच. पेपर आमच्याकडं एकच येतो. मला मात्र त्याच्या शेडचा आणि माझ्या पत्राचा काही संबंध आहे असं वाटलं नाही. देशाच्या गोष्टी देशाच्या जागी आणि घरच्या घरच्या जागी, असं माझं चाललेलं होतं.

मग आमच्या घरचाच अडॅप्टर जळाला. मुलगा म्हणाला, शेडमधून आणतो. दोन दिवस विसरला, तिसऱ्या दिवशीही विसरला. त्याला तांबं जेवढ्याला पडत होतं तेवढ्याला बाहेरून तयार अडॅप्टर यायला लागला होता आणि तो त्याच काळजीत होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी छावणीच्या बाजारात गेलो आणि परदेशातून आलेला एक घेऊन आलो. किंमत निम्मी, वर डबी छान. मी खूश होतो. रविवारी मुलगा टीव्हीमागची वायर नीट करायला वाकला, तेव्हा त्यानं तो काढून उलटा केला आणि त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचली. वाचायला त्याला फार वेळ लागला. मग त्यानं तो होता तिथं बसवला आणि म्हणाला, "चांगला आहे, बाबा."

होळीच्या आधी शेड बंद झाली. हिशोबानं पाहिलं तर माझं पत्र अजूनही बरोबर आहे. देशाला स्वस्त माल मिळाला, फायदाच झाला असेल. पण त्या दिवसांत जेवायच्या वेळी मुलाच्या तोंडाकडं मला बघवत नव्हतं, आणि ते काही पत्रात लिहिलेलं नव्हतं.

मुलगा शेंद्र्यालाच एका मोठ्या कारखान्यात पाळीवर जायला लागला. सून औषधांच्या दुकानात बिलं करायला लागली, येईपर्यंत तिला सहा वाजतात. आणि त्याच वर्षात माझ्या बायकोला विसर पडायला लागला. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं. मग गॅस चालू राहायला लागला. पुढं पुढं पाण्याच्या दिवशी नळ सोडायची आणि मोटार लावायचीच नाही, आणि पाणी आमच्याकडं आठवड्यानं येणारं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. त्याचा काही उपयोग नव्हता. गोळ्या दिल्या, त्यातली एक दुपारी जेवणानंतर वेळेवर घ्यायची.

नात तेव्हा सातवी संपवून आठवीत जाणार होती. इंग्रजी शाळा, पिवळी बस. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मुलानं आणि सुनेनं सांगितलं की तिचं आता होम स्कूलिंग करायचं. आजकाल पुष्कळ जण करतात, मोबाइलवर सगळं शिकवतात, परीक्षा पुढं बाहेरून देता येते. शिवाय बाबा घरात आहेतच, तीस वर्षं मास्तरकी केलेले. सून हे सगळं पाठ केल्यासारखं बोलली, आणि बोलताना कुकरकडं बघत होती.

मुलांना घरी ठेवून शिकवण्यावरही माझं मत होतं. तेही फाईलमध्ये आहे, सगळ्यात लांब पत्र तेच. त्याच्यामागं माझी पायपीट होती. कापूस वेचणीचे दिवस आले की माझ्या वर्गातल्या मुली गायब व्हायच्या. आई शेतात जाणार म्हणून घरात धाकटी भावंडं सांभाळायला मोठी मुलगी. मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहायचो. चप्पल काढायचो नाही, आत जायचो नाही. आत गेलं की चहा येतो आणि चहा घेतला की बोलणं मऊ होतं. उंबऱ्याबाहेरून मी त्यांना चांगलं फैलावर घ्यायचो. एकदा एक बाप मला म्हणाला, गुरुजी, पोरगी घरी बसून शिकतीच की. मी हसलो होतो त्याला, चार लोकांत. पत्रात मी लिहिलं होतं, की घरी ठेवलेलं मूल शेवटी घराच्या कामाला लागतं, मुलगी तर लागतेच लागते, आणि सरकारनं यावर धोरण करायचंच तर एका ओळीचं करावं, परवानगी नाही.

आणि माझ्या स्वतःच्या घरात हा विषय निघाला तेव्हा मी गप्प बसलो. का बसलो ते सांगतो. ते मला सोयीचं होतं. पोरगी घरात राहिली तर बायकोजवळ कुणीतरी असणार होतं आणि मला माझ्या बाकावर जाता येणार होतं. मी म्हणालो, बघतो, मी शिकवतो तिला. पंधरा दिवस शिकवलंही, सकाळी बीजगणित, दुपारी इतिहास. मग ऊन वाढलं, दुपारचा डोळा लागायला लागला, आणि वही कधी बंद झाली ते दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. तिच्या आलं असेल.

त्याच पावसाळ्यात ती साडेसातची मालिका संपली. कधीतरी संपणारच होती. शेवटचा भाग दुपारी पुन्हा लागून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी एक वाजता नात ताट घेऊन आली, तर बायको ताटाकडं बघून म्हणाली, "आजून लागलं नाय." दोन वाजले, तीन वाजले. तिनं घास उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी मोबाइलवर ते गाणं शोधून लावलं. ती इकडं-तिकडं बघायला लागली. कुणाचा तरी फोन वाजतोय, उचला की, म्हणाली, आणि फोन शोधायला उठली. मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून लावला, तरी तिला तो फोनच वाटला, कासावीस झाली.

तिसऱ्या दिवशी नात स्वयंपाकघरात भांडी लावत होती आणि लावता लावता तेच गाणं गुणगुणत होती, मनाशीच. भिंतीच्या या बाजूला बायकोनं मान वर केली. ऐकलं, आणि हात पुढं करून भाकरीचा तुकडा मोडला.

तेव्हापासून पोरीचा गळा हेच आमच्या घरातलं घड्याळ झालं. दुपारी एकला एकदा आणि संध्याकाळी साडेसातला एकदा ती भिंतीमागं जाऊन गाणं म्हणायची आणि बायको जेवायची, गोळी घ्यायची. आम्ही सगळ्यांनी पोरीचं फार कौतुक केलं. मी तर बाकावरही सांगितलं. कौतुक करताना एक गोष्ट कुणी बोललं नाही, की आता ही पोरगी एक वाजता घराबाहेर कधीच जाऊ शकणार नाही.

दिवाळीनंतर एक दिवस दारावर थाप पडली. महापालिकेच्या शाळेतली एक बाई होती, पंचविशीची असेल, खांद्याला पिशवी आणि हातात तक्ते. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण चाललं होतं. मी आत या म्हणालो. ती उंबऱ्याबाहेरच थांबली, चप्पल न काढता. मला ते उभं राहणं लगेच ओळखू आलं.

सहा ते चौदा वयाचं कुणी घरात आहे का, तिनं विचारलं. नात आहे, मी म्हणालो, आणि पुढं मी जे बोललो ते माझ्या तोंडून आलं यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

"ती घरीच शिकते."

"सगळे तेच सांगतात, सर," ती म्हणाली. रागानं नाही, थकून.

तेवढ्यात एक वाजला आणि आतून गाणं ऐकू आलं. बाईनं विचारलं, कोण गातंय? गाणं पूर्ण म्हणून झाल्यावर नात बाहेर आली, ओल्या हातांनी. बाईनं तिला विचारलं, घरी काय काय शिकतेस. पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मला वाचवायला काहीतरी सांगेल असं वाटलं. पण ती खरं बोलणारी आहे, तिनं थोडा विचार केला आणि सांगितलं, "सध्या काही नाही. आज्जीला जेवू घालते."

त्यात तक्रार नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

बाईनं तक्त्यात लिहिलं. चौदा कधी पूर्ण होणार ते विचारलं. चार महिन्यांनी, नात म्हणाली. मग लवकर आणा, बाई मला म्हणाली. आत्ता कागद नसले तरी आम्ही थेट आठवीत बसवतो. एकदा चौदा पूर्ण झाली की मग विचारायला कुणी येत नाही. आणि ती पुढच्या दाराकडं गेली. मला तिनं फैलावर घेतलं असतं तर चाललं असतं.

त्या दुपारी मी फाईल काढून माझं लांब पत्र वाचलं. चांगलं लिहिलंय. एक शब्द बदलावासा वाटला नाही, आणि म्हणूनच पुढं वाचवेना.

पोरीला शाळेत घालायचं तर एक वाजताचं गाणं दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं. घरात त्या वेळी मी एकटाच. आणि मला ते गाणं येत नव्हतं. सात-आठ वर्षं रोज ते माझ्या घरात लागत होतं आणि मी त्याची एक ओळ धड ऐकलेली नव्हती.

नातीनं मला शिकवलं. गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागं, आज्जीला ऐकू जाऊ नये म्हणून. दुसऱ्या ओळीच्या शेवटी सूर वर चढतो आणि तिथंच थांबतो, तिथं माझी दांडी रोज उडायची. "आजोबा, वर जायचं आणि खाली यायचं नाही," ती पुन्हा पुन्हा सांगायची. कंटाळली नाही, चिडली नाही. माझ्यापेक्षा ती बरी मास्तर होती. आठ दिवसांनी ती म्हणाली, चालेल. तिचं तोंड मात्र चालेल असं म्हणत नव्हतं.

सोमवारी ती पालिकेच्या शाळेत गेली. मराठी माध्यम, बसायला सतरंजी, चालेल का विचारलं तर मान डोलावली. एक वाजता मी बायकोपुढं ताट ठेवलं, भिंतीमागं गेलो आणि गायला लागलो. बैठकीतून काही आवाज येईना म्हणून वाकून पाहिलं. तिनं रिमोट हातात घेतला होता. भिंतीच्या दिशेनं धरून ती ते गुळगुळीत बटण दाबत होती, एकदा, दोनदा, तीनदा.

मी गप्प झालो. तिनं रिमोट खाली ठेवला. ताट मी तसंच झाकून ठेवलं. सव्वापाचला नात आली, दप्तर दारात टाकून थेट भिंतीमागं गेली, आणि तेव्हा बायको जेवली. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. दुपारची गोळी तिन्ही दिवस संध्याकाळवर गेली आणि बुधवारी संध्याकाळी ती उठताना तोल जाऊन भिंतीला टेकली.

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, राहू द्या आता. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी बघू. हे वाक्य मी किती दारांत ऐकलंय. त्या वाक्यानंतर परत आलेली एकही मुलगी मला आठवत नाही. नात कोपऱ्यात बसून वहीला खाकी कव्हर घालत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले. आईच्या जिवाचा प्रश्न आहे, मुलाचं म्हणणं चूक नव्हतं. मी म्हणालो, उद्याचा एक दिवस द्या मला. नातीनं कव्हर पुन्हा दुमडायला घेतलं, फार हळू.

गुरुवारी एक वाजता मी भिंतीमागं उभा राहिलो. पहिली ओळ म्हणालो. दुसरीच्या शेवटी वर गेलो आणि माझा आवाज फाटला. मी वाकून पाहिलं, रिमोट तिच्या हातात होता. बस, संपलं, मी मनात म्हणालो. मुलाला काय सांगायचं आणि त्याआधी सव्वापाचला त्या पोरीला काय सांगायचं, ते जुळवायला लागलो. गाणं तिथंच थांबलं होतं.

"थांबलात कशाला?" भिंतीपलीकडून आवाज आला. "म्हना की."

मला ती ओळखत नव्हती. कुणीतरी गाणारा माणूस, टीव्हीतला किंवा शेजारचा. मी हलकेच पुढची ओळ उचलली. ताटलीवर भाकरी मोडल्याचा आवाज आला. वाकून पाहिलं तर रिमोट मांडीखाली दडवून ती भराभरा खात होती, घास नीट न चावता, आणि दरवाजाकडं बघत होती.

"लवकर म्हना," ती म्हणाली. "आमचे हे आले की बंद करतेत."

मी डोकं आत घेतलं. मग मी भिंतीमागूनच म्हणालो, "सावकाश जेवा. त्यांना आज उशीर होणार आहे."

आणि गाणं पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणायला लागलो.